फावला वेळ कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातील कुत्र्याच्या पिल्लाने लोकरीचा एक गोळा गिळला. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी उलटीवाटे लोकर बाहेर पडली आणि पिल्लू वाचले. या पानावर एरवी धानाच्या भावाची, गोसीखुर्दच्या पाण्याची आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाची चर्चा होते. तेथे कुत्र्याच्या पिल्लाची कथा घेऊन येणे अनेकांना गैरलागू वाटेल. परंतु त्या घटनेनंतर आमच्या घरात जे बोलणे झाले त्यात अर्थशास्त्राचा एक धडा होता, आणि आयुष्यभर तो विषय शिकवूनही मला तो नीट उमगलेला नव्हता, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

लोकर आमच्या घरात आली ती सूनबाईंच्या हौसेमुळे. लग्नापूर्वी नागपुरात असताना त्या नमदा करण्याची कला शिकल्या. बाजारात याला फेल्ट म्हणतात. जुन्या मराठीत त्याच जातीच्या जाड पांघरुणाला बुरणूस असा शब्द होता. यात सूत कातावे लागत नाही आणि मागही लागत नाही. लोकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. पिंजलेल्या लोकरीचे आडवे-उभे थर रचून त्यांवर गरम साबणाचे पाणी शिंपडायचे, हाताने चोळायचे, चटईत गुंडाळून लाटायचे. म्हणजे ते खवले एकमेकांत अडकतात आणि सुट्या तंतूंचे एकजीव, घट्ट कापड बनते. बारीक वस्तूंसाठी दातेरी सुई असते; ती लोकरीत हजारो वेळा टोचावी लागते. ही मानवजातीच्या अतिप्राचीन कलांपैकी एक आहे. सैबेरियाच्या अल्ताय पर्वतात, पाझिरिक येथील थडग्यांमध्ये, बर्फात टिकून राहिलेले दोन हजार वर्षांहून जुने नमदे सापडले आहेत. आपल्या देशात काश्मीरचे आणि राजस्थानातील टोंकचे नमदे प्रसिद्ध आहेत. लाखांदूरसारख्या धानाच्या मुलखात, जेथे थंडी दोन महिने आणि ऊन मात्र अंग भाजणारे, तेथे ही कला तशी पाहुणीच म्हणावी लागेल. तरीही सूनबाई लहान मुलांच्या सपाता, खेळण्यातील ससे आणि चिमण्या, चष्म्याची घरे अशा वस्तू करतात आणि ओळखीपाळखीने व टपालाने त्या पुण्या-मुंबईला जातात.

हे काम त्या केव्हा करतात, हा प्रश्न पिल्लू आजारी पडेपर्यंत मला पडलाच नव्हता. चिरंजीव नोकरीनिमित्त रोज वडशाला जातात. दोन नातवंडे शाळेत जाणारी आहेत. माझी पत्नी गुडघ्यांनी अधू झाली आहे. घरात एक मांजर आहे आणि गेल्या उन्हाळ्यापासून हे पिल्लू. सकाळचा स्वयंपाक, डबे, धुणे, दुपारचे जेवण, मुलांचा अभ्यास, संध्याकाळचा स्वयंपाक एवढे सर्व आटोपल्यावर, रात्री नऊच्या सुमारास, मुले निजली आणि पिल्लू सपरीत बांधले म्हणजे त्यांचे काम सुरू होते. पाणी गरम असेतोवरच हात चालवायचा. मध्येच मूल रडत उठले तर पाणी निवते आणि ते पुन्हा तापवावे लागते. दातेरी सुईचे टोक मोडून जमिनीवर पडले, तर ते सापडेपर्यंत उठता येत नाही, कारण सकाळी त्याच जागी मुलांचे पाय आणि जनावरांचे पंजे पडणार असतात. लोकरीला जनावराचा वास असतो. कुत्रे-मांजरे तिच्याकडे ओढली जातात आणि पोटात गेलेले तंतू आतड्यात अडकू शकतात. श्रावणात केलेली वस्तू चार-चार दिवस वाळत नाही, आणि तेवढे दिवस ती मांजराच्या नजरेपासून जपावी लागते.

पिल्लू बरे झाले त्या रात्री घरात एक लहानशी सभाच भरली. चिरंजीव म्हणाले, "हे काम आता पुरे." पत्नी म्हणाली, "मुलांच्या पायात सुई गेली असती तर?" मीही माझ्या मते समतोल असा सल्ला दिला : "सूनबाई, हौस असावी, पण घर सांभाळून, फावल्या वेळात." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "मामाजी, पिल्लू आणलं मुलांच्या हट्टानं आणि तुमच्या संमतीनं. त्याला खाऊ घालणं, फिरवणं, त्याची घाण काढणं माझ्याकडे कसं आलं, ते मला अजून कळलं नाही. आणि फावला वेळ म्हणजे नेमका कोणता, तेवढं सांगा."

मजजवळ उत्तर नव्हते. पिल्लाचा लळा घरातील सर्वांना होता. त्याचे काम मात्र एकीच्या वाट्याला आले होते, आणि तेही कोणी न सांगता, न विचारता. कुणाच्या मनात दुष्टावा नव्हता. दुष्टाव्याशिवाय चालणारे अन्याय हुडकून काढणे हेच समाजवादी विचाराचे काम आहे, असे मी व्यासपीठांवरून अनेकदा सांगितले आहे. स्वतःच्या सपरीत तो शोधण्याची वेळ प्रथमच आली.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो आणि सूनबाईंच्या एका सपातांच्या जोडाचा हिशेब मांडला. तो जोड ४५० रुपयांना गेला. लोकर, साबण, टपालखर्च मिळून २४० रुपये लागले. उरले २१०. चार रात्री मिळून काम झाले सात तास. म्हणजे तासाला ३० रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागल्यास तासाला ३९ रुपये. बांधावर माती टाकणाऱ्या मजुराला समाजाने जो किमान दर ठरवून दिला, त्याहूनही कमी दराने एक पदवीधर स्त्री रात्री जागून कुशल काम करीत होती. जागेचे भाडे, दिव्याची वीज, पाणी तापविण्याचा गॅस आणि मोडलेल्या सुया या हिशेबात मी धरलेल्याच नाहीत.

हा हिशेब दाखविल्यावर सूनबाई हसल्या. "पैशासाठी थोडंच करते मी हे? हात चालू असले की मन थाऱ्यावर असतं." हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. श्रमात आनंद असावा ही समाजवादाची जुनी आकांक्षा आहे. इंग्लंडचे विल्यम मॉरिस हे स्वतः विणकाम, रंगकाम, छपाई करणारे कारागीर होते आणि १८८४ साली स्थापन झालेल्या सोशालिस्ट लीगचे एक प्रमुख संस्थापकही होते. यंत्राच्या जोखडातून सुटलेल्या, आनंददायी श्रमाचे स्वप्न त्यांनी आयुष्यभर पाहिले. परंतु त्यांच्या कार्यशाळेतील सुंदर वस्तू श्रीमंतांनाच परवडत, हा पेच त्यांनाही सुटला नाही. तात्पर्य, आनंद खरा आहे. पण आनंदामुळे किंमत आपोआप न्याय्य होत नाही. उलट, करणाऱ्याला काम आवडते ही गोष्ट घेणाऱ्याच्या लक्षात आली की भाव पाडायला ती फार सोयीची पडते. अंगणवाडीच्या सेविकेला मिळणाऱ्या मोबदल्याला आपण 'मानधन' म्हणतो, त्यामागे हीच युक्ती आहे.

येथे कोणी म्हणेल की ही एका सुखवस्तू घरातील गोष्ट आहे. हे खरेच आहे. सूनबाईंनी उद्या काम सोडले तर आमची चूल विझणार नाही. म्हणूनच मी वाचकांना आमच्या घरापासून थोडे पलीकडे, विडीकामगार स्त्रीच्या दारात नेऊ इच्छितो.

भंडारा-गोंदियाच्या गावांतून मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी स्त्री हे एके काळी घरोघरचे दृश्य होते. आता काम पुष्कळ आटले आहे, तरी संपलेले नाही. सट्टेदार तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून देतो आणि हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी देतो. पाने भिजवायची, फर्मा ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंडे मुडपायची. तान्हे मूल शेजारी निजलेले असते आणि तंबाखूची धूळ त्याच्याही श्वासात जाते. दाराशी बकरी बांधलेली असते. ती सुटून भिजल्या पानांत तोंड घालून गेली, तर ते नुकसान सट्टेदाराचे नव्हे. पाने कमी पडली की बाईने पदरच्या पैशांनी बाजारातून आणायची, आणि विड्या खराब ठरवून बाजूला काढल्या तर त्यांची मजुरीही बुडायची.

आमच्या घरातील पिल्लू आणि तिच्या दारातील बकरी यांच्यात मला जे साम्य दिसते ते असे. कारखान्यात मालकाला छप्पर घालावे लागते, दिवा लावावा लागतो, माल उंदीर-घुशींपासून जपावा लागतो आणि अपघात झाला तर भरपाई द्यावी लागते. काम घरात आले की हे सर्व खर्च आणि सर्व धोके निमूटपणे कामगाराच्या अंगावर येतात. मूल, म्हातारे माणूस, जनावर, पाऊस आणि अंधार ही जणू तिची खाजगी बाब ठरते. मग तिला 'समतोल साधण्याचा' उपदेश केला जातो. मासिकांतून, शिबिरांतून, नातेवाइकांच्या तोंडून आणि सुशिक्षित सासऱ्याच्या तोंडूनही. जो तोल व्यवस्थेने बिघडविला तो सावरणे हे एकट्या स्त्रीचे कसब मानले जाते, आणि तो सावरला नाही तर तो तिचाच दोष.

कायद्याने हे एकदा ओळखले होते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही 'कामगार' मानले. कारखान्याच्या भिंतींबाहेर असली तरी ती कामगारच, हे त्या कायद्याचे मोठे तत्त्व होते. कारखानदारांनी त्याला आव्हान दिले, परंतु १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. १९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरे यांसाठी कल्याणनिधी उभा केला. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ साली, तो उपकर रद्द झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदाही त्यांत विरून गेला. सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. परंतु ती व्याख्या तिला असंघटित कामगारांच्या गर्दीत उभी करते. नोंदणी करा आणि योजनेची वाट पाहा, असा तिचा सूर आहे. हक्काच्या जागी लाभ आला, एवढा हा फरक आहे, आणि चळवळीने तो ओळखला पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला. घरून काम करणाऱ्यांना इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक द्यावी, असे तो सांगतो. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही.

आमच्या शास्त्राचा दोषही येथे सांगितला पाहिजे. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात एक विसंगती दाखवून दिली : एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या नोकर स्त्रीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण काम तेच राहिले तरी पगार थांबतो. हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगत असे, मुले हसत, आणि मी पुढच्या प्रकरणाकडे वळत असे. त्या विनोदात अर्ध्या मानवजातीचे श्रम गिळले गेले आहेत, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यांत घालवितात, तर पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीचे काम दहा मिनिटांनी कमी झाले, आणि पुरुषाचेही नऊ मिनिटांनी! ओझे थोडे हलके झाले असेल. वाटणी मात्र झाली नाही.

लोकरीचा मुद्दाही या निमित्ताने पाहण्यासारखा आहे. सूनबाई वापरतात ती मऊ लोकर परदेशी मेंढीची आहे. इकडे आपल्याच राज्यातील धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची जाडीभरडी लोकर गिऱ्हाईक नसल्याने कित्येकदा फेकून द्यावी लागते. कातरणीचाही खर्च निघत नाही. ती अंगाला टोचते, म्हणून खेळण्यांना चालत नाही. परंतु बैठका, पायपुसणी, खोगिराखालची घडी अशा जाड नमद्याला ती चांगली. शेळी-मेंढी विकासासाठी राज्याचे महामंडळ १९७८ पासून आहे. मेंढपाळ आणि घरी काम करणारी स्त्री यांची गाठ घालून देणे हे अशा संस्थेचे काम नव्हे काय? दोघेही एकाच बाजारात स्वतंत्रपणे हरत आहेत.

मग करावे काय? बचत गट आहेतच, असे उत्तर मिळेल. बचत गटांनी ग्रामीण स्त्रीला बँकेचे दार दाखविले हे मी नाकारीत नाही. परंतु गटातून कर्ज मिळते, वेळ मिळत नाही. कर्ज घेतलेल्या स्त्रीची रात्र आणखी एका तासाने लांबते, एवढेच. ज्या ठिकाणी स्त्रिया कामगार म्हणून संघटित झाल्या तेथेच भाव वाढले. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने 'सेवा' ही संघटना उभी राहिली, तेव्हा ज्यांना निश्चित मालक नाही त्यांची कामगार संघटना कशी होणार, अशी हरकत सरकारी कचेरीत घेण्यात आली होती. संघटना मालकाविरुद्धच असते असे नाही, कामगारांच्या एकीसाठीही असते, हे उत्तर देऊन त्यांनी नोंदणी मिळविली. १९८८ साली त्यांच्याच अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 'श्रमशक्ती' हा अहवाल दिला आणि घरात बसून काम करणाऱ्या स्त्रियांचे अदृश्य श्रम देशासमोर मांडले. आपल्या कार्यकर्त्यांनी ते प्रकरण पुन्हा उघडून वाचावे.

मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, विडी असो, शिवण असो वा नमदा, प्रत्येक घरकामाचा तासांत हिशेब मांडायला स्त्रियांना शिकवावे आणि किमान वेतनाखालचा भाव स्वीकारू नये असा ठराव वस्ती-वस्तीत व्हावा. दुसरी, गावातील समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची रिकामी खोली दुपारचे चार तास सामुदायिक कामाची जागा म्हणून मागावी, आणि शेजारी पाळणाघर असावे. सुया, तंबाखू आणि उकळते पाणी मुलांच्या व जनावरांच्या वाटेतून दूर जाईल. शिवाय एकत्र बसलेल्या स्त्रिया एकमेकींचे भाव विचारतील, आणि सट्टेदाराला नेमकी तीच गोष्ट नको असते. तिसरी गोष्ट आपणा पुरुषांची आहे. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले होते. ती क्रांती करण्यास कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही. सभेहून रात्री परतणाऱ्या कार्यकर्त्याने ताट वाढण्याची वाट पाहत बसावे आणि सकाळी समतेवर भाषण द्यावे, हे आता शोभत नाही.

माझ्या घरात काय झाले, हेही सांगणे प्राप्त आहे. पिल्लाचे खाणे, फिरणे आणि स्वच्छता माझ्याकडे आली. निवृत्त माणसाजवळ वेळच वेळ असतो. तो मागावा लागला, हीच लाज. संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस चिरंजीव करतात. भात उत्तम जमतो, भाजीचा अजून भरवसा नाही. मागच्या खोलीला दार लावून घेतले. तेथे लोकर असते आणि तेथे मांजर जात नाही. सपातांचा भाव ६०० रुपये झाला. जुन्या खर्चाने तासाला पन्नासाहून थोडे अधिक सुटतात. मात्र दोन जुन्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली, कारण यंत्रावरच्या सपाता त्याहून स्वस्त मिळतात. आमच्यासारख्या घराला तो तोटा झेपतो. विडी वळणारीने भाव मागितला आणि सट्टेदाराने पाने द्यायचे बंद केले, तर तिला तो झेपणारा नाही. म्हणून तिने एकटीने भाव मागू नये. तिच्याबरोबर आपण असावे. येत्या महिन्यात गल्लीतील विड्या वळणाऱ्या बायांनी आमच्या सपरीत दुपारी जमायचे ठरविले आहे. सूनबाई त्यांना तासांचा हिशेब लिहायला शिकविणार आहेत. पिल्लू त्या वेळी माझ्याजवळ असेल.